थुलेचा चंद्र: ६९ पल्स उशिरा आलेला प्रतिध्वनी

५ ऑक्टोबर १९६०. ग्रीनलंडच्या वायव्येला, ७६.५ अंश उत्तर अक्षांशावर असलेल्या थुलेच्या अमेरिकी तळावरून कोलोरॅडोतल्या नोराडच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त हवाई संरक्षण दलाच्या, मुख्यालयात इशारा पोचला: सोव्हिएत संघाच्या दिशेकडून क्षेपणास्त्रं येत आहेत, खात्री ९९.९ टक्के. नोराडचे उपप्रमुख, कॅनडाचे एअर मार्शल रॉय स्लेमन यांनी त्या वेळी विचारलेला प्रश्न पुढे प्रसिद्ध झाला. ख्रुश्चेव्ह आत्ता कुठे आहेत? सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह न्यूयॉर्कमध्ये होते, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी आलेले. स्वतःचा नेता ज्या देशात बसलाय त्या देशावर कुणी अणुबॉम्ब टाकत नाही, एवढ्या साध्या तर्काने खोलीतला ताण सैल झाला. रडारला दिसत होता तो नॉर्वेच्या बाजूने उगवणारा चंद्र.

किस्सा म्हणून हे इतकं गाजलं आहे की त्यातलं गणित बहुधा राहूनच जातं. चंद्र ३,८५,००० किमीवर, रडारचा पल्ला साडेपाच हजार किमीचा. मग चंद्र दिसला कसा, आणि दिसला तर क्षेपणास्त्राच्या अंतरावर का दिसला? पल्स-डॉप्लर रडार म्हणजे रेडिओ लहरींचे छोटे ठोके (पल्स) सोडून, परतलेल्या प्रतिध्वनीच्या वेळेवरून अंतर आणि वारंवारतेतल्या बदलावरून (डॉप्लर) वेग मोजणारं रडार. त्यातली पल्ल्याची संदिग्धता, म्हणजे प्रतिध्वनी नेमक्या कुठल्या पल्सचा हे न कळणं, शिकायला याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही. इथे एकच लक्ष्य आहे, ते प्रचंड आहे, आणि त्याचं खरं अंतर सगळ्यांना ठाऊक आहे.

रडार आणि त्याचा हिशेब

थुले हे बीएमईडब्ल्यूएस या क्षेपणास्त्र-इशारा साखळीचं पहिलं ठाणं. अलास्कातलं क्लिअर आणि इंग्लंडमधलं फायलिंगडेल्स नंतर आली. थुलेत एएन/एफपीएस-५० जातीची टेहळणी रडार होती. फुटबॉलच्या मैदानाहून लांब अशा स्थिर परावर्तकांतून ती क्षितिजालगत पंख्यासारखे पसरलेले दोन रेडिओ झोत (पंखे) सोडत, एक सुमारे साडेतीन अंश उंचीवर आणि दुसरा सात अंशांवर. क्षेपणास्त्र आधी खालचा पंखा ओलांडणार, मग वरचा. दोन छेदांतल्या वेळावरून आणि वेगावरून ते कुठे पडेल याचा अंदाज बांधायचा, अशी रचना. वारंवारता सुमारे ४२५ मेगाहर्ट्‌झ, पल्सची लांबी २ मिलिसेकंद, आणि सेकंदाला सुमारे २७ पल्स.

हा २७चा आकडा महत्त्वाचा. दोन पल्समध्ये ३७ मिलिसेकंदांची फट. तेवढ्या वेळात रेडिओ लहर जाऊन-येऊन ५,५४६ किमी अंतर गाठते, म्हणजे जवळपास ३,००० नॉटिकल मैल. त्याच्या आतल्या वस्तूचा प्रतिध्वनी पुढची पल्स सुटायच्या आत परत येतो आणि अंतराबद्दल शंका उरत नाही. त्यापलीकडचा प्रतिध्वनी पुढची पल्स सुटल्यावर येतो आणि रडार तो त्या नव्या पल्सच्या खात्यावर मांडतं.

मग ५,५४६ किमी पुरेसे होते का? क्षेपणास्त्रांसाठी होते, आणि चांगले भरपूर. आंतरखंडीय क्षेपणास्त्र साधारण १,२०० किमी उंचीपर्यंत चढतं. साडेतीन अंशांच्या रेषेवर तेवढी उंची ३,७०० किमी अंतरावरच गाठली जाते. ५,५४६ किमीवर त्याच रेषेची उंची २,३०० किमीच्या वर जाते, तिथे कुठलंही क्षेपणास्त्र फिरकत नाही. त्यामुळे रचनाकारांनी केलेली निवड चुकीची म्हणता येणार नाही. त्यांनी एक गृहीतक धरलं होतं: या रेषेवर, या अंतरापलीकडे, दिसण्याजोगं काही नाही.

दिसण्याजोगं म्हणजे किती मोठं?

इथेच गृहीतक फसलं. प्रतिध्वनीची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते. ४,००० किमीवरच्या वस्तूच्या तुलनेत चंद्र ९६ पट दूर, म्हणजे प्रतिध्वनी साडेआठ कोटी पट क्षीण. हा आकडा ऐकून कुणीही विषय सोडून देईल. पण दुसऱ्या बाजूला चंद्राचं आकारमान आहे. त्रिज्या १,७३७ किमी आणि त्यावर पडलेल्या रेडिओ ऊर्जेपैकी सुमारे ७ टक्के परत फेकली जाते असं धरलं, तर चंद्राचं रडार-क्षेत्रफळ ६.६ गुणिले १० चा ११ वा घात चौरस मीटर भरतं. क्षेपणास्त्राच्या टोकासाठी १ चौरस मीटर धरा. भागाकार केला की चंद्राचा प्रतिध्वनी त्या क्षेपणास्त्राहून सुमारे ७,८०० पट, म्हणजे ३९ डेसिबलने जास्त येतो. चंद्र गोल असल्याने परतणारी ऊर्जा वेळेत थोडी पसरते आणि हा फायदा काहीसा कमी होतो, तरी उरतो तो भरपूर.

ही ऊर्जा पसरण्याची गोष्टही बोलकी आहे. चंद्राचा जवळचा बिंदू आणि त्याची कड यांच्या प्रतिध्वनीत ११.६ मिलिसेकंदांचा फरक पडतो. २ मिलिसेकंदांची पल्स वापरणाऱ्या रडारला ही अनेक लगतच्या कप्प्यांत विखुरलेली वस्तू वाटणार. बहुतांश ऊर्जा जवळच्या भागातून येते हे खरं, पण शेपटीतही दखल घेण्याइतकी ताकद उरते. एक चंद्र आणि ‘अनेक लक्ष्यं’ यांचा मेळ असा बसतो.

चंद्रावरून प्रतिध्वनी येतो हे काही नवं नव्हतं. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरने १० जानेवारी १९४६ रोजी न्यू जर्सीतून चंद्रावर पल्स आपटून अडीच सेकंदांनी ती परत ऐकली होती. महिन्याभरात हंगेरीत झोल्टान बाय यांनीही ते करून दाखवलं. थुलेची घटना घडली त्याच सुमारास अमेरिकेचं नौदल मेरीलँड आणि हवाई यांच्यात चंद्रावरून संदेश उसळवत होतं. माहिती होती, पण ती दुसऱ्या खात्यात होती. मोठ्या प्रकल्पांत ज्ञानाचा अभाव क्वचितच नडतो. ते कुणाच्या टेबलावर आहे, हे नडतं.

६९ फेऱ्या आणि एक बाकी

त्या क्षणी चंद्राचं नेमकं अंतर काय होतं यावर मी अडून बसणार नाही. हिशेबासाठी ३,८५,००० किमी धरू. जाऊन-येऊन वेळ २,५६८.४४ मिलिसेकंद. ३७ ने भागा: भागाकार ६९, बाकी १५.४४. म्हणजे प्रतिध्वनी परतेपर्यंत मध्ये ६९ नव्या पल्स सुटून गेल्या, आणि रडारने शेवटच्या पल्सपासून मोजून १५.४४ मिलिसेकंद सांगितले. अंतर २,३१४ किमी.

घड्याळात साडेतीन वाजलेले दिसावेत पण वार कळू नये, तशी ही अवस्था. बाकी कळते, भागाकार हरवतो.

आता २,३१४ किमी आणि साडेतीन अंश यांवरून उंची काढली तर ५४० किमी येते. क्षेपणास्त्र जिथे असायला हवं अगदी तिथेच. शिवाय वस्तू जवळ येतेय, कारण चंद्र उगवत असताना पृथ्वीचं परिवलन थुलेला चंद्राकडे नेत असतं. त्या अक्षांशावर हा वेग सेकंदाला सुमारे १०८ मीटर. अंतर संशयास्पद, दिशा संशयास्पद, आणि वस्तू आपल्याकडे येतेय.

ही बाकी स्थिर नसते, हेही ध्यानात घ्यावं. चंद्राचं अंतर महिन्याभरात चाळीसेक हजार किमीने कमी-जास्त होतं, म्हणजे सात-आठ वेळा बाकी शून्यापासून ५,५४६ पर्यंत धावून परत सुरू होते. एखाद्या संध्याकाळी चंद्र ३०० किमीवर दिसला असता, एखाद्या संध्याकाळी ५,००० वर. आपल्याकडे कोजागरी नुकतीच उलटली होती. पूर्ण चंद्राचा प्रकाश आणि रडारचा काही संबंध नाही, रडारला अमावास्येचा चंद्रही तेवढाच दिसतो. संबंध आहे तो फक्त उगवतीशी, कारण पंखे क्षितिजालगत होते.

डॉप्लरने काय सांगितलं असतं

आता पुराव्याची दुसरी बाजू. ४२५ मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी ७० सेंटिमीटर. सेकंदाला २७ पल्स असताना एका पल्सपासून दुसऱ्या पल्सपर्यंतच्या कलाबदलावरून (लहरीच्या चक्रातली जागा किती सरकली त्यावरून) वेग काढायला गेलं तर दर साडेनऊ मीटर प्रति सेकंदाला तो परत शून्यावर येतो. सेकंदाला सहा-सात किलोमीटरने धावणाऱ्या वस्तूसाठी हे निरुपयोगी. म्हणून डॉप्लर एकाच लांब पल्सच्या आत मोजावा लागतो. २ मिलिसेकंदांच्या पल्सला ५०० हर्ट्‌झचा, म्हणजे १७५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपासचा भेद कळतो. क्षेपणास्त्राचा डॉप्लर १७ ते २० किलोहर्ट्‌झच्या घरात, तर उगवत्या चंद्राचा ३०० हर्ट्‌झच्या.

आज कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर एवढ्यावर निकाल लागतो. २,३१४ किमीवर मानलेली ती वस्तू आकाशात तासाला १५ अंश सरकते, म्हणजे आडवा वेग सेकंदाला १७० मीटर. जवळ येण्याचा वेग त्यात मिळवला तरी एकूण २०० मीटर. ५४० किमी उंचीवर इतक्या संथ चालीने कुणी तरंगू शकत नाही. सहा मिनिटांत ती जमिनीवर आदळली पाहिजे. ही मात्र तासाला साडेतीन अंशांनी वर चढत होती. खालच्या पंख्यातून वरच्या पंख्यात जायला क्षेपणास्त्राला मिनिटभर लागतं, चंद्राला तास लागतो.

पल्ल्याच्या संदिग्धतेवरचा पहिला उपाय म्हणून मी नेहमी हाच सांगेन: कुठलंही गणित करण्याआधी, मिळालेलं अंतर खरं मानलं तर भौतिकशास्त्र शाबूत राहतं का ते बघा. हा उपाय फुकट असतो. पण ९९.९ टक्के हा आकडा यंत्राने दिला की तो वापरायचं धाडस फार थोडे करतात. स्लेमन यांनी वेगळ्या मार्गाने तेच केलं.

दुसरा पीआरआय लावून बघू

आता खरी पद्धत. पल्समधला अवधी, म्हणजे पीआरआय, ३७ वरून ३८ मिलिसेकंद करा. खरोखर २,३१४ किमीवर असलेली वस्तू दोन्ही वेळा तिथेच दिसेल. चंद्राचं काय? २,५६८.४४ ला ३८ ने भागलं की भागाकार ६७ आणि बाकी २२.४४, म्हणजे ३,३६४ किमी. एका झटक्यात हजार किमीची उडी. फक्त ‘हे अंतर खोटं आहे’ एवढंच हवं असेल तर काम झालं.

खरं अंतरही हवं असेल तर हरवलेले भागाकार शोधावे लागतात. पहिला अ आणि दुसरा ब म्हणू. १५.४४ अधिक ३७अ आणि २२.४४ अधिक ३८ब हे सारखे, म्हणून ३७अ वजा ३८ब बरोबर ७. पूर्णांकांत उत्तर हवं. जगभरच्या रडारच्या पुस्तकांत याला चायनीज रिमेंडर थिअरम म्हणतात. आपल्याकडे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस याच जातीच्या समीकरणांसाठी कुट्टक ही रीत दिली, आणि ज्यांच्या परंपरेचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे त्या भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ती विस्ताराने शिकवली. ग्रहांच्या फेऱ्यांतून गेलेले दिवस काढणं हा तिचा मूळ उपयोग. म्हणजे भागाकार हरवलाय, बाकी हातात आहे. प्रश्न अक्षरशः हाच.

कुट्टक चालवला की सर्वांत लहान उत्तर येतं अ = ३१, ब = ३०. वेळ १,१६२.४४ मिलिसेकंद, अंतर १,७४,२०० किमी. तिथे काहीच नाही! गणित चुकलेलं नाही. ३७ आणि ३८ यांचा लसावि १,४०६ मिलिसेकंद, म्हणून या जोडीची नि:संदिग्ध मर्यादा २,१०,७५० किमी. चंद्र तिच्याही पलीकडे आहे. पुढचं उत्तर, अ = ६९ आणि ब = ६७, चंद्राचं.

या उत्तरापाशी थोडं थांबावंसं वाटतं. ३७च्या एकट्या पीआरआयने जी चूक केली तीच चूक दोन पीआरआयच्या हुशार पद्धतीनेही केली, फक्त जास्त दूरवर. संदिग्धता सोडवणारी प्रत्येक रीत ती मिटवत नाही, मर्यादा लांब ढकलते. आणि ‘त्यापलीकडे काही नाही’ हे गृहीतक प्रत्येक वेळी नव्याने मान्य करावं लागतं.

तिसरा पीआरआय ३९ घ्या. चंद्राची बाकी ३३.४४ यायला हवी, १,७४,२०० किमीवरच्या खोट्या उमेदवाराची ३१.४४. रडार ३३.४४ दाखवेल आणि खोटा उमेदवार गळेल. ३७, ३८, ३९ यांच्यात सामाईक अवयव नसल्याने तिघांचा लसावि ५४.८ सेकंद. सूर्यमालेत जवळपास काही उरलं नाही म्हणायला हरकत नाही.

गणित इतकं गोंडस असलं तरी ते नाजूक आहे. वरचा फरक ७ ऐवजी ८ मोजला गेला, म्हणजे केवळ १ मिलिसेकंदाची चूक झाली, तर उत्तर एका अख्ख्या पल्सने, ५,५४६ किमीने सरकतं. चंद्र ओळखायला त्याने बिघडत नाही. लढाऊ विमानाच्या रडारला मात्र हे परवडत नाही. तिथे १० गिगाहर्ट्‌झला सेकंदाला १०,००० पल्स म्हणजे नि:संदिग्ध अंतर १५ किमी, आणि मोजलेला वेग दर १५० मीटर प्रति सेकंदाला परत शून्यावर येतो. एक वाढवलं की दुसरं घटतं, दोघांचा गुणाकार प्रकाशाच्या वेगाने आणि तरंगलांबीने बांधलेला. ८० किमीवरचं विमान सहाव्या फेरीत येतं. म्हणून प्रत्यक्षात बहुधा समीकरण सोडवत बसत नाहीत. प्रत्येक पीआरएफची (सेकंदाला किती पल्स, तो दर) बाकी सगळ्या शक्य फेऱ्यांवर उलगडून मांडतात आणि त्या कुठे एकमेकींवर पडतात ते पाहतात. आठ पीआरएफपैकी किमान तिघांनी एका ठिकाणी बोट ठेवलं तर लक्ष्य खरं, ही नेहमीची पद्धत. दोन-तीन विमानं एकत्र असली की एकाची बाकी दुसऱ्याच्या बाकीशी जुळून नसलेली विमानं दिसू लागतात, त्यांना घोस्ट म्हणतात. डॉप्लरचा कप्पाही जुळला पाहिजे अशी अट घातली की बरेच घोस्ट पळतात, सगळे नाही.

पीआरआय न बदलताही फेरी ओळखता येते. प्रत्येक पल्सला वेगळी कला (लहर चक्रात कुठून सुरू होते ती जागा) द्यायची, म्हणजे ६९ पल्सपूर्वीचा प्रतिध्वनी जुनी खूण घेऊन येतो आणि ताज्या खुणेशी जुळत नाही. हवामानाच्या डॉप्लर रडारमध्ये दूरच्या वादळाचा दुसऱ्या फेरीतला प्रतिध्वनी जवळच्या पावसावर पडतो. तो सोडवण्यासाठी आयआयटी कानपूरचे एम. सचिदानंद आणि अमेरिकेतले दुशान झर्निच यांनी १९९९ मध्ये मांडलेला कला-संकेत याच जातीचा. पुढे अमेरिकेच्या हवामान रडारजाळ्यात तो वापरात आला.

थुलेत पुढे चंद्राचा प्रतिध्वनी वेगळा काढण्याची सोय केली गेली. चंद्र कधी कुठे उगवणार हे पंचांगातही असतं, त्यामुळे ते काम तुलनेने सोपं.

भरतीच्या पल्स

पीआरआय बदलण्याच्या उपायात एक खाच आहे. विद्यार्थी ३७ आणि ३८ची बाकी बरोबर काढतात आणि तिथे थांबतात. ३७चा पीआरआय सोडून ३८ सुरू केला त्या क्षणी चंद्राकडून काय येत असतं? अजून ३७च्याच पल्स. ६९ पल्स वाटेत आहेत, आणि त्या संपेपर्यंत अडीच सेकंदांहून जास्त वेळ जुन्याच अंतराने प्रतिध्वनी येत राहणार. रडार मात्र त्यांना नव्या, ३८ मिलिसेकंदांनी सुटलेल्या पल्सपासून मोजणार. परिणामी दर पल्सला चंद्र १ मिलिसेकंदाने, म्हणजे १५० किमीने, जवळ सरकल्यासारखा दिसतो. १५ पल्समध्ये बाकी शून्यावर येते, मग पलीकडच्या टोकाहून परत धावू लागते. ३७ मिलिसेकंदांत १५० किमी म्हणजे सेकंदाला चार हजार किमी. संथ चंद्राऐवजी आता कुठल्याही क्षेपणास्त्राला लाजवेल असं काहीतरी पडद्यावर येतं.

म्हणून पीआरआय बदलल्यावर सुरुवातीच्या पल्स मोजणीत धरायच्या नसतात; याच भरतीच्या पल्स. सर्वांत दूरच्या, त्रास देऊ शकणाऱ्या प्रतिध्वनीला नव्या तालावर यायला लागणारा वेळ त्या भरून काढतात. विमानाच्या रडारमध्ये त्या थोड्याच पुरतात. चंद्रासाठी प्रत्येक पीआरआयला आधी सत्तरेक पल्स वाया घालवाव्या लागतील आणि मोजणी त्यानंतर. तीन पीआरआयचा एक फेरा आठ सेकंदांच्या पुढे जातो. तेवढ्या वेळात क्षेपणास्त्र पन्नास किमी पुढे गेलेलं असतं, आणि रडारची शलाका (झोत) फिरती असेल तर चंद्राकडे पाठवलेली पल्स परत येते तेव्हा ती भलतीकडे बघत असते. मग चंद्र नि:संदिग्ध करण्यासाठी हा वेळ खर्चायचा, की चंद्राची जागा आधीच ठाऊक आहे म्हणून तो सरळ यादीतून वगळायचा? या रडारपुरतं मी यादीच्या बाजूने आहे, पण उडी तपासणारा दुसरा पीआरआय तरीही ठेवेन, दर काही मिनिटांनी एकदा.